पिल्लाला कडेवर घेऊन खाली उतरा

पावसाळा लागला की नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात पिल्लांची गर्दी वाढते. मे महिन्यात मुलांनी धरलेला हट्ट जूनमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी आलेला असतो, आणि आठवडाभरात घरातली मोठी माणसं झोप मोडून, ओल्या छत्र्या घेऊन माझ्या बाकावर बसलेली असतात. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून मला 27 वर्षं झाली, पण टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू टेबलावर ठेवलं की अजूनही आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरतो, मग स्टेथोस्कोप हातात येतो. या महिन्यातली जवळपास सगळी पत्रं पिल्लांचीच आहेत. पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (कोलशेत रोड, ठाणे) : आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू सात आठवड्यांचं आहे. चार दिवसांपूर्वी आणलं. दिवसा छान खेळतं, पण रात्री दिवा मालवला की रडायला लागतं. आम्ही त्याला बाल्कनीत झोपवतो. सासूबाई म्हणतात, रडू दे, दोन दिवसांत सवय होईल. शेजाऱ्यांनी वॉचमनकडे तक्रार केली आहे. काय करावं?

उत्तर : आजच्या आज त्याला बाल्कनीतून आत घ्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

चार दिवसांपूर्वीपर्यंत हे पिल्लू सहा-सात भावंडांच्या ढिगात, आईच्या पोटाला चिकटून झोपत होतं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या मानेवर, तिसऱ्याचा पाय चौथ्याच्या पोटावर. ऊब आणि श्वासांचा आवाज एवढंच त्याला झोपेचं माहीत. आता चौदाव्या-पंधराव्या मजल्यावरची फरशी, पावसाचा सपकारा आणि अंधार. ते हट्टानं रडत नाही. कळपातून चुकलेलं पोर आईला हाक मारतं, तशी ती हाक आहे. ओ मिळाली नाही तर दोन-तीन रात्रींनी ते गप्प होतं, हे खरं आहे. सासूबाईंनी पाहिलंही असेल. पण ते दमून गप्प झालेलं असतं. अशी बरीच कुत्री पुढे घरात एकटी राहिली की दार ओरबाडतात, चपला फाडतात. ती माझ्याकडे वर्षभरानं येतात, तेव्हा काम फार अवघड झालेलं असतं.

तुमच्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला तर पोचेल अशा ठिकाणी एक खोकं ठेवा. टीव्हीचं किंवा मिक्सरचं खोकं चालेल, एक बाजू कापून ठेवा. आत जुनी गोधडी आणि घरातल्या कुणाचा तरी न धुतलेला टी-शर्ट. रबरी पिशवीत कोमट पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेवा. कडेलाच, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. रडलं की बोटं आत सोडा. उचलून घेऊ नका, दिवा लावू नका, बोलू नका. नुसती बोटं. ते हुंगेल, चाटेल आणि त्यावर हनुवटी टेकवून झोपेल. रात्रीचं खाणं आठच्या सुमारास द्या, अकराला शूसाठी न्या आणि तीनचा गजर लावून पुन्हा एकदा न्या. साधारण आठवड्याभरात रडणं ओसरतं. मग खोकं रोज हातभर लांब सरकवत तुम्हाला हवं त्या कोपऱ्यात न्या. बाल्कनी नकोच. त्या उंचीवरच्या ग्रिलच्या गजांमधून एवढंसं पिल्लू सहज निसटतं. दिवसासुद्धा जाळी लावल्याशिवाय तिथे सोडू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार बंदी आहे. ज्यांनी तुम्हाला ते दिलं, त्यांना हे माहीत असणार. शेवटच्या त्या एक-दोन आठवड्यांत पिल्लू भावंडांकडून चावण्याचा जोर किती असावा हे शिकतं. तुमच्या पिल्लाला ते तुम्ही शिकवायचं आहे. दात जोरात लागले की लगेच खेळ थांबवून उठून जायचं, घरातल्या प्रत्येकानं, दर वेळी.

प्रश्न (नेरुळ, नवी मुंबई) : पिल्लू नऊ आठवड्यांचं, एक डोस झाला आहे. आमच्या डॉक्टरांनी सगळे डोस होईपर्यंत घराबाहेर काढू नका असं सांगितलं. मैत्रीण म्हणते रोज फिरव, नाहीतर घाबरट होईल. कुणाचं ऐकू? आणि एकच लस पुन्हा पुन्हा का द्यायची?

उत्तर : दोघांचंही. पिल्लाचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, पण पिल्लू रोज बाहेर न्यायचं. कडेवर घेऊन.

आधी लसीचं. जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला रोगांशी लढायची तयार शक्ती मिळते. ती उसनी असते आणि हळूहळू ओसरते. कुणाची सहाव्या आठवड्याला, कुणाची पार सोळाव्याला. ती अंगात आहे तोवर लससुद्धा निकामी होते, कारण आईची शक्ती लसीलाच शत्रू समजून संपवते. कुठल्या पिल्लाची कधी संपली हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. बारा आठवड्यांना कार्ड भरलं म्हणून पुष्कळ लोक थांबतात. थांबू नका. तीन महिन्यांना रेबीजची लस. आपल्या भागात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची, लसही टाळू नका. तिचे दोन डोस असतात आणि मग दरवर्षी एक. लेप्टो उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो. 2005 च्या 26 जुलैच्या पुरानंतर मुंबईत त्यानं काय केलं, ते आमच्या पिढीच्या डॉक्टरांना आठवतं.

आता बाहेर नेण्याचं. पिल्लाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत उघडं असतं. त्या काळात जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं ते त्याच्या लेखी जगाचा भाग होतं. न पाहिलेलं ते पुढे धोका समजू लागतं. तुमच्याकडे यातले पाच आठवडे उरलेत.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा सगळ्यांना 'अजिबात बाहेर काढू नका' असंच सांगत असे. एका घरानं ते तंतोतंत पाळलं. पाच महिने पिल्लू सातव्या मजल्यावरून हललं नाही, लसीसाठीही मी घरी जात होते. सहाव्या महिन्यात ते त्याला पहिल्यांदा दवाखान्यात घेऊन आले. दाराबाहेर चार फुटांचा मातीचा पट्टा आहे, पावसानं गवत उगवलेलं. गाडीतून उतरवल्यावर ते कुत्रं त्या गवतावर चारही पाय फाकवून उभं राहिलं. एक पाय उचलायचं, ओलं लागलं की परत ठेवायचं, दुसरा उचलायचं. शेपूट पोटाखाली गेलेली. रिक्षा गेली तसं ते तिथेच शूत बसलं. तब्येत ठणठणीत होती, कार्डावर एक डोस चुकला नव्हता. पुढे दोन वर्षं खटपट करूनही ते रस्त्यावर कधी मोकळेपणी चाललं नाही. त्या दिवसापासून मी सल्ला बदलला.

तेव्हा जुनी ओढणी घ्या, तिची झोळी करा आणि पिल्लू छातीशी बांधून संध्याकाळी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' या तळ्याकाठच्या बागेत जा. चालणारी माणसं, सायकली, पाण्यावरचे पक्षी, भेळेचा वास, सगळं त्याला पाहू दे. स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभ्या राहा आणि लोकल येऊन जाऊ दे. रेनकोटातला माणूस, उघडणारी छत्री, घंटागाडी, काठी टेकत चालणारे आजोबा, दाढीवाला माणूस, धावणारी पोरं. प्रत्येक नव्या गोष्टीला एक शेंगदाण्याएवढा खाऊ. ते अंग चोरायला लागलं, जीभ ओठांवरून फिरवायला लागलं की चार पावलं मागे या. जबरदस्तीनं जवळ नेऊ नका, त्यानं उलट होतं. गणपती दीड महिन्यावर आलेत. ढोल-ताशाचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून त्यावेळी जेवण द्यायला आजपासून सुरुवात करा, रोज किंचित वाढवत. दिवाळीत तुम्ही मला दुवा द्याल.

घरीसुद्धा रोज दोन मिनिटं त्याचे पंजे दाबा, कानात डोकवा, ओठ उचलून दात पाहा. पुढे माझ्यासारखीचं काम त्यानं सोपं होतं आणि त्याचीही भीती वाचते.

खाली ठेवायचं नाही ते बागेत, कट्ट्याजवळ, जिथे अनोळखी कुत्री शी-शू करतात तिथे. लसी पूर्ण झालेलं, ओळखीचं, शांत कुत्रं कुणाच्या घरी असेल तर त्या घरात मात्र खुशाल खेळायला न्या. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे गेले की पट्टा लावून रस्त्यावर.

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे) : वर्तमानपत्र पसरून ठेवतो, तरी ते बाजूला फरशीवरच करतं. नाक घासायचं का शूमध्ये?

उत्तर : कधीही नाही. त्यानं ते फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकेल, सोफ्यामागे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर लगेच कागदावर नेऊन उभं करा, झालं की तिथल्या तिथे खाऊ आणि कौतुक. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तासांच्या वर धरू शकत नाही, तेव्हा चुका होणारच. फरशी फिनेलनं पुसली की आपल्याला वास जातो, त्याला येतच राहतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा.

प्रश्न (चरई, ठाणे) : वय 71. नातवानं आणलेलं गावठी पिल्लू तीन महिन्यांचं आहे. नातू पुण्याला शिकायला गेला आणि आता ते माझ्याच पायाशी असतं. आमच्या घरी मांसाहार नाही. दूध-पोळी देतो, आवडीनं खातं, पण शी पातळ होते. त्याला नीट काय द्यावं?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दवाखान्यातल्या मुलींना वाचून दाखवलं. 'माझ्याच पायाशी असतं' हे वाक्य तर दोनदा.

दूध बंद करा. आईच्या दुधावरून सुटलेल्या पुष्कळ पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही, ती आतड्यात तशीच राहते आणि पाणी ओढून घेते. शी पातळ होते ती त्यानं. दोन चमचे ताजं, आंबट नसलेलं दही मात्र बहुतेकांना सोसतं. जंताचं औषधही दिलेलं नसेल तर लगेच द्या. पिल्लांना आईच्या पोटात असतानाच जंत मिळतात, म्हणून सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला औषध लागतं. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा एकदा काट्यावर घालायला घेऊन या.

शाकाहाराचं स्पष्टच सांगते. वाढत्या पिल्लाचं नुसत्या वरण-भात-पोळीवर भागत नाही. हाडं वाकतात, केस राठ होतात. घरात अंडं चालणार असेल तर रोज एक उकडलेलं द्या. तेही नको असेल तर पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं आणा, शाकाहारीही मिळतं. पाकिटावर ते 'वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार' आहे असं लिहिलेलं हवं. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून दिवसातून तीन-चार वेळा. वर थोडं पनीर, उकडलेला लाल भोपळा, गाजर घालता येईल. असं खाणं सुरू असेल तर वेगळी कॅल्शियमची पावडर घालू नका. जास्त कॅल्शियमनं सांधे बिघडतात, मोठ्या चणीच्या कुत्र्यांचे तर फारच.

आणि सत्यनारायणाचा प्रसाद. शिऱ्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुणाला थोड्यानंही होतं, कुणाला होत नाही, आणि आपलं कुठलं ते आधी कळत नाही. घरात पूजा असली की येणारा प्रत्येक पाहुणा 'घे रे बाळा' म्हणत घासभर देतो, म्हणून त्या दिवशी त्याला आतल्या खोलीत ठेवा. कांदा, लसूण, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगगम हेही विषच. कांदेपोह्यांची बशी जमिनीवर ठेवू नका. ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी कधीही देऊ नका.

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई) : मी सहावीत आहे. आम्ही बिल्डिंगखालचं एक छोटं पिल्लू जिन्याखाली पाळलं आहे. काल खेळताना त्याचे दात लागून माझ्या बोटातून रक्त आलं. मी हळद लावली. आईला सांगितलं नाही कारण ती पिल्लू सोडून यायला लावेल. छोट्या पिल्लाला रेबीज नसतो ना?

उत्तर : बाळा, तुझ्या पत्रावर फोन नंबर होता, म्हणून अंक छापून यायची वाट न बघता मी त्याच दुपारी तुझ्या आईशी बोलले. तुला पहिलं इंजेक्शन त्याच संध्याकाळी मिळालं. उत्तर इथे देतेय ते तुझ्यासारख्या बाकीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी.

असतो. लस न झालेल्या कुठल्याही पिल्लाला रेबीज असू शकतो, ते कितीही लहान आणि गोड असलं तरी. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि लक्षणांआधी लस घेतली तर तो टाळता येतो. म्हणून दात किंवा नखं लागून रक्त आलं, नुसतं खरचटलं, किंवा आधीच्या जखमेवर पिल्लानं चाटलं, तरी पहिलं काम नळाखाली हात धरायचा आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी मोठ्या माणसाबरोबर डॉक्टरांकडे. लस महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते. पोटात चौदा सुया घ्यायचे दिवस केव्हाच गेले, आता दंडावर ठरलेल्या दिवशी घ्यायच्या असतात आणि एकही चुकवायची नसते. पहिल्याच वेळी जखमेत भरायचं वेगळं औषध लागतं का, तेही डॉक्टरांना विचारायचं.

तुझी आई रागावली नाही, घाबरली. पिल्लू कुठे सोडून आलेलीही नाही, माझ्याकडे तपासायला घेऊन आली. आता दहा दिवस आपण त्याच्यावर लक्ष ठेवतोय. त्याचे दात शिवशिवतात म्हणून ते चावतं. दुधाचे 28 दात असतात त्याला, चौथ्या महिन्यापासून ते पडतील आणि 42 पक्के येतील. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेव आणि ते चावायला दे. हात मात्र खेळणं म्हणून द्यायचा नाही.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : सोसायटीनं नोटीस लावली आहे की कुत्र्यांना लिफ्टमधून नेता येणार नाही. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो.

उत्तर : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्या सूचनांची प्रत जोडून कमिटीला लेखी द्या. सोबत महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या दाखल्याची प्रतही द्या. आणि लिफ्टमध्ये कुणी घाबरणारं असेल तर तुम्ही पुढच्या फेरीला थांबा, शी उचलायला पिशवी नेहमी खिशात ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न (कळवा, ठाणे) : आमचा टिपू सव्वादोन महिन्यांपूर्वी पार्व्होनं (पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूजन्य रोग) गेला. तीन महिन्यांचा होता. विकणाऱ्यानं सगळ्या लसी झाल्यात म्हणून कार्ड दिलं होतं. मुलगी अजून त्याच्या बिछान्याजवळ बसते. तिच्यासाठी दुसरं पिल्लू आणावं असं वाटतं. चालेल का? टिपूच्या वस्तू, मुख्य म्हणजे त्याचा लाल पट्टा, नव्याला वापरता येतील का?

उत्तर : ते कार्ड तुम्ही पत्रासोबत पाठवलंत. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक नाही, फक्त तारखा आहेत, तिन्ही एकाच पेनानं लिहिलेल्या. अशी कार्डं मी पाहिली आहेत. तुमचं काही चुकलं नाही. पिल्लू आणणाऱ्या प्रत्येकाला सांगते, स्टिकर आणि सही नसेल तर लस झालेली नाही असंच धरा आणि पहिल्यापासून सुरू करा.

पार्व्होचा विषाणू फार चिवट. घरात तो कित्येक आठवडे टिकतो, बाहेर सावलीच्या मातीत अनेक महिने. फिनेल, डेटॉल, सॅनिटायझर यांना तो दाद देत नाही. ब्लीचला देतो. आधी साबणानं फरशी धुऊन घ्या, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून सगळीकडे पसरा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुऊन टाका. खिडक्या उघड्या ठेवा आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. चपलांचे तळवे आणि दाराबाहेरचा जिनाही विसरू नका.

एवढं करूनही सोफा, गादी, भिंतीच्या भेगा राहतातच. म्हणून तुमच्या घरी लहान पिल्लू आत्ता नको. चार-पाच महिन्यांच्या पुढचं, सगळ्या लसी खरोखर पूर्ण झालेलं पोर आणा, शेवटच्या डोसला दोन आठवडे होऊन गेलेलं. ठाणे-नवी मुंबईत दत्तक द्यायला अशी गावठी पोरं पुष्कळ असतात आणि त्यांना कुणी नेत नाही, कारण सगळ्यांना तळहाताएवढंच हवं असतं. मुलीला बरोबर घेऊन जा आणि कुठलं आणायचं ते तिला ठरवू द्या. मात्र आणण्याआधी तिला विचारा, तिला आत्ता हवंय का. कदाचित ती म्हणेल, अजून नको.

बिछाना टाकून द्यावा लागेल, पिशवीत घट्ट बांधून. हे तिच्या नकळत करू नका. स्टीलची ताटली ब्लीचच्या पाण्यात ठेवून, घासून वापरता येईल. लाल पट्ट्याचं तुम्ही मुद्दाम विचारलंत. तोही त्याच पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि वाळवा, रंग थोडा उडेल. नव्याच्या मानेला तो मापाचा होणार नाही, त्याला नवीनच घ्या. हा तिच्याकडे राहू दे.